जरीचा कांठ

गेल्या महिन्यांत या सदरांत अबोलीविषयीं चार शब्द लिहिले. त्यावर जीं पत्रें आलीं, त्यांपैकीं एक पत्र समोर ठेवून आज लिहावयास बसलों आहें. पत्र लिहिणाऱ्या भगिनी एका एकत्र कुटुंबांतील वडील सून आहेत. त्यांच्या गांवीं नळास चार दिवसांआड पाणी येतें, घरांत माणसें अकरा, आणि सासूबाईंची हौस अशी कीं, ओसरीवर बाराही महिने कांहीं तरी रंगीत दिसावें. म्हणून त्यांनीं रोपवाटिकेंतून तलवारीसारख्या उभ्या पानांचें, पिवळ्या कांठाचें एक झाड आणिलें. तें चांगलें वाढलें. पुढें जाऊबाईंना द्यावें म्हणून त्यांनीं त्याचें एक पान कापून दुसऱ्या कुंडींत लाविलें. पान लागलें, त्याला कोंब आले, कोंबांचीं पानें झालीं. परंतु पिवळा कांठ कांहीं आला नाहीं. जाऊबाईंच्या मनांत आलें कीं, आपल्याला मुद्दाम हलक्या जातीचें रोप दिलें. भगिनी विचारतात, 'यांत माझी चूक कोणती? आणि घरांत हा जो किंतु उत्पन्न झाला आहे, तो दूर कसा करूं?'

पहिल्या प्रश्नाचें उत्तर एका वाक्यांत देतां येईल. दुसरा प्रश्न मात्र वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसलों. कारण याच झाडावरून आणि याच कारणानें मीं स्वतः आपल्या घरांत याहून मोठा अन्याय केला आहे. तो सांगितल्यावांचून उत्तर देणें म्हणजे न केलेल्या पाठाची परीक्षा घेण्यासारखें होईल. तेव्हां क्रमानें सांगतों.

या झाडास हल्लीं रोपवाटिकेंत 'स्नेक प्लँट' म्हणतात. जुने माळी 'सॅन्सेव्हिएरिया' म्हणत. पानांवर सापाच्या अंगावर असतात तसे करड्या-हिरव्या रंगाचे आडवे पट्टे असतात, म्हणून पहिलें नांव. पानाचें टोंक अणकुचीदार, म्हणून इंग्रजींत 'सासूची जीभ' असेंही त्याचें एक थट्टेचें नांव आहे. आमच्या घरीं याचें नांव 'जरीकांठी'. तें माझ्या पत्नीनें ठेविलें. हिरवें अंग आणि दोन्ही कडांना वरपासून खालपर्यंत सोन्यासारखा पिवळा कांठ, हें पाहून तिला लग्नांतील हिरव्या पैठणीची आठवण झाली असावी.

हें झाड मूळचें पश्चिम आफ्रिकेंतील, नायजेरियापासून काँगोपर्यंतच्या प्रदेशांतील. परंतु त्याच्या जातीचें शास्त्रीय बारसें झालें तें आपल्या देशांत. शिबपूर येथील वनस्पति-उद्यानाचे त्या काळचे प्रमुख डेव्हिड प्रेन यांनीं १९०३ सालीं बंगालच्या वनस्पतींविषयीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत या जातीचें नांव प्रथम आलें. पिवळ्या कांठाच्या प्रकाराला काँगोंत संचार केलेले बेल्जियन वनस्पतिशास्त्रज्ञ एमिल लॉरां यांच्यावरून 'लॉरेंटाय' म्हणतात. २०१७ सालीं शास्त्रज्ञांनीं या जातीला 'ड्रॅसीना' या घराण्यांत घेऊन नवें नांव दिलें. सासरीं गेल्यावर नांव बदलावें, तशांतला हा प्रकार. माळ्यांच्या तोंडीं मात्र माहेरचेंच नांव राहिलें आहे.

संस्कृताच्या अभ्यासकास या झाडाची आणखी एक ओळख आहे. अमरकोशांत धनुष्याच्या दोरीस 'मौर्वी' हा शब्द आहे. मौर्वी म्हणजे मूर्वेच्या तंतूंची केलेली. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायांत ब्राह्मण बटूची मेखला मुंज नांवाच्या गवताची सांगितली आहे, आणि क्षत्रियाची मूर्वेची. पहिल्या शब्दावरून आपण त्या संस्कारासच 'मुंज' म्हणूं लागलों. दुसरा शब्द विसरलों. मूर्वा म्हणजे नेमकी कोणती वनस्पति, याविषयीं जाणत्यांत एकमत नाहीं. आपल्या प्रांतांत मोरवेलीसही मूर्वा म्हणतात. तथापि मोनियर-विल्यम्सच्या कोशांत मूर्वा म्हणून जी वनस्पति दिली आहे, ती या जरीकांठीचीच भारतीय बहीण होय. तिच्या पानांतील चिवट तंतूंच्या दोऱ्या करीत असत. जरीकांठीचें एखादें वाळलेलें पान हातानें तोडूं पाहावें. म्हणजे या कुळाचा तंतु धनुष्यास कां लाविला जात असे, तें बोटांना कळेल.

आतां या झाडाचा मुख्य गुण. आम्ही लातूरचे. लातूरकरास पाण्याचें मोल सांगावयास नको. २०१६ सालीं मांजरा धरण कोरडें पडलें आणि एप्रिल महिन्यांत मिरजेहून रेल्वेच्या टाक्यांतून शहरास पाणी आणावें लागलें. तेव्हां आमच्या अंगणांत बावीस कुंड्या होत्या. पत्नीनें भाजी धुतलेलें पाणी तुळशीसाठीं राखून ठेविलें आणि बाकीच्या कुंड्यांना हात जोडले. मोगरा गेला, जास्वंद गेली, रंगीत पानांच्या कोलियसचें तर पंधरा दिवसांत नांवही उरलें नाहीं. ओसरीच्या कोपऱ्यांतील जरीकांठीला होळीपासून मृगापर्यंत पेलाभरसुद्धां पाणी मिळालें नाहीं. पानें किंचित् सुरकुतलीं, अंग चोरून उभीं राहिलीं. परंतु कांठाचा पिवळेपणा गेला नाहीं. पाऊस पडल्यावर थोड्याच दिवसांत तीं पुनः पूर्वीसारखीं टणक झालीं.

याचें कारण असें. बहुतेक झाडें दिवसा पानांवरील सूक्ष्म छिद्रें उघडून हवेंतील कार्बन डायऑक्साइड वायु आंत घेतात, आणि त्याच दारांनीं त्यांचें पाणी वाफ होऊन बाहेर जातें. हें झाड दिवसा दारें लावून बसतें आणि रात्रीं गारव्यांत उघडतें. रात्रीं घेतलेला वायु तें आम्लाच्या रूपानें पानांत सांठवितें आणि दिवसा दारें न उघडतां सूर्यप्रकाशांत त्याचें अन्न करितें. शिवाय जाड पान आणि जमिनींतील मांसल खोड हीं पाण्याचीं कोठारेंच होत.

म्हणूनच याच्या संगोपनांत न करण्याच्या गोष्टी अधिक आहेत. पहिली गोष्ट, आपल्याकडील काळी माती नुसती कुंडींत भरूं नये. ती पाणी धरून ठेविते, आणि हें झाड तहानेनें क्वचित् मरतें, ओलाव्यानें हमखास मरतें. एक भाग तांबडी अथवा पोयट्याची माती, एक भाग जाड वाळू किंवा विटांचा चुरा, आणि अर्धा भाग चांगलें कुजलेलें शेणखत पुरे. कुंडी मातीची, उथळ आणि पसरट असावी. तळाच्या भोंकावर खापराचा तुकडा ठेवावा. उन्हाळ्यांत दहा-बारा दिवसांनीं आणि हिवाळ्यांत महिन्यांतून एकदां पाणी द्यावें. तत्पूर्वीं मातींत बोट खुपसून पाहावें. ओल लागली तर तांब्या खालीं ठेवावा. पाणी मातींत घालावें, पानांच्या मधल्या खोलगट जागेंत सांठूं देऊं नये. पावसाळ्यांत कुंडी पागोळ्यांखालून आंत घ्यावी. पान बुडाशीं मऊ पडून पिवळें होऊं लागलें आणि वास येऊं लागला, तर कुंडी उपडी करून सडलेला भाग चाकूनें काढून टाकावा, उरलेला दोन दिवस सावलींत सुकवावा आणि नव्या कोरड्या मातींत लावावा.

दुसरी गोष्ट उजेडाची. अंधाऱ्या खोलींतही हें झाड जगतें, परंतु जगणें निराळें आणि नांदणें निराळें. सकाळचें कोवळें ऊन अथवा दिवसभर भरपूर उजेड मिळाला, तर कांठ तेजस्वी राहतो. वैशाखांतील दुपारचें ऊन मात्र त्या पिवळ्या कांठास भाजून काढतें. केव्हां तरी पानांच्या मधून एक दांडा येतो आणि त्यावर हिरवट पांढरीं, रात्रीं सुवास देणारीं फुलें येतात. परंतु तो योग वारंवार येत नाहीं. पानें पोटांत गेल्यास त्रास होतो, यास्तव घरांत रांगतें मूल किंवा मांजर असल्यास कुंडी उंचावर ठेवावी.

हें झाड घरांतील हवा शुद्ध करतें, असें रोपवाटिकावाले हौसेनें सांगतात. १९८९ सालीं अमेरिकेंतील नासा या संस्थेनें बंद पेट्यांत झाडें ठेवून कांहीं प्रयोग केले, त्यावरून ही समजूत पसरली. बंद पेटी निराळी आणि आपली खोली निराळी. खिडकीवाटे जेवढी हवा सहज बदलते, तिच्यापुढें कुंडीचें काम नगण्य आहे. हवेसाठीं खिडकी उघडावी. झाड डोळ्यांसाठीं लावावें.

येथपर्यंतचें सर्व मला पूर्वीही ठाऊक होतें. जें ठाऊक नव्हतें, तें आतां सांगतों.

आमची जरीकांठी पाहून आळींतील बायका पान मागावयास येत. पत्नी पान कधीं देत नसे. 'थांबा, पिल्लूं फुटूं द्या. पान देऊन काय उपयोग? कांठ यायचा नाहीं,' असें ती म्हणे. मग कोणी सहा महिने थांबे, कोणी वर्ष. कुंडीच्या कडेस नवीन पिल्लूं वर येऊन त्याचीं तीन पानें झालीं, म्हणजे ती कुंडी उपडी करी, विळीनें जमिनींतील खोडाचा तुकडा मुळांसकट कापी आणि कागदांत गुंडाळून ज्याचें त्याला पोंचतें करी. मी ओसरीवर वह्या तपासतां तपासतां तिला हंसत असें. म्हणे, 'पान जर याच झाडाचें, तर कांठ कोठें जाईल? जसें बीज तसें फळ.' तिनें माझ्याशीं कधीं वाद घातला नाहीं. मीं तें तिचें निरुत्तर होणें समजलों.

२०१८ च्या माघांत ती गेली. पुढील वर्षीं वर्षश्राद्धास सर्व मुलें जमलीं होतीं. थोरला मुलगा पुण्यास असतो, मुलगी नाशकास, धाकटा माझ्याजवळ. जातेवेळीं आईची कांहीं आठवण न्यावी, असें सर्वांच्या मनांत होतें. जरीकांठीला त्या वेळीं पिल्लूं नव्हतें, आणि मला थांबणें सुचलें नाहीं. मीं तिचें सर्वांत उंच पान कापलें, त्याचे चार-चार बोटांचे तुकडे केले, आणि वरची बाजू उलटी होऊं नये म्हणून प्रत्येकावर खडूनें खूण करून एकेकाच्या हातीं दिले. त्याबरोबर, शिक्षकाची खोड, एक लहानसें व्याख्यानही दिलें. एक तुकडा उरला. तो धुण्याच्या दगडामागें एका फुटक्या कुंडींत खोंचला आणि विसरून गेलों.

मग महामारीचे दिवस आले. दोन वर्षें कोठें जाणें झालें नाहीं. २०२१ च्या दिवाळींत मी पुण्यास गेलों. भाऊबीजेच्या दिवशीं व्याही आणि विहीणबाई जेवावयास आल्या होत्या. जेवणापूर्वीं मी सज्जांत गेलों, तों कठड्याशीं एका सुबक कुंडींत हातभर उंचीचीं चार-पांच हिरवीं पानें उभीं होतीं. आडवे पट्टे होते, कांठ नव्हता. मीं विचारलें, 'हें कोणतें?' सून म्हणाली, 'नाना, आईंच्या पानाचें. आपणच दिलें होतें.'

माझ्या मनानें एका क्षणांत निकाल लाविला. मूळचें झाड हलगर्जीपणानें मेलें, आणि मी येणार म्हणून बाजारांतून दुसरें आणून ठेविलें! त्यांतही स्वस्तांतलें. मी म्हणालों, 'तिचें झाड मी तीस वर्षें पाहिलें आहे. माझे डोळे अजून शाबूत आहेत. सासूची एवढीशी आठवण दोन वर्षें सांभाळतां आली नाहीं, तें एक असो. परंतु खोटें तरी बोलूं नये.' हें मी तिच्या आईवडिलांच्या देखत बोललों. मुलगा खालीं पाहूं लागला. सुनेनें उत्तर दिलें नाहीं. ती आंत गेली, आणि थोड्या वेळानें पानें मांडलीं. जेवतांना तिनें मला नेहमीप्रमाणें आग्रह केला. विहीणबाईंनीं मात्र भाताचा दुसरा घांस घेतला नाहीं. दुसऱ्या दिवशीं पहाटेच्या गाडीनें मी परत आलों, आणि सत्य बोलल्याचें समाधान मला होतें, हेंही लपवीत नाहीं.

मार्गशीर्षांत धाकट्या मुलानें अंगण साफ करावयास घेतलें. धुण्याच्या दगडामागून तो फुटकी कुंडी घेऊन आला आणि म्हणाला, 'नाना, ही ठेवूं कीं टाकूं?' कुंडींत तीन हिरवीं पानें होतीं. आडवे पट्टे होते, कांठ नव्हता. त्या तुकड्यास माझ्याशिवाय दुसऱ्या कोणाचा हात लागला नव्हता. माझ्याच खडूची पुसट खूण त्या जुन्या तुकड्यावर अजून दिसत होती.

मी ओसरीवर बसून राहिलों. चाळीस वर्षें मुलांस शिकवितांना, न विचारतां शिक्षा करूं नये, हें मी पाळीत आलों होतों. घरांत तें पाळलें नाहीं.

महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्र शिकविलेले माझे एक स्नेही आहेत. त्यांच्याकडे तीच कुंडी घेऊन गेलों. त्यांनीं सांगितलें तें असें. पिवळ्या कांठाची जरीकांठी हें वरून एक झाड दिसलें, तरी तिच्या अंगांत दोन प्रकारच्या पेशी शेजारीं शेजारीं नांदत असतात. एका प्रकारांत हरितद्रव्य असतें, दुसऱ्यांत नसतें. मधला भाग पहिल्यांचा, कांठ दुसऱ्यांचा. अशा झाडास शास्त्रांत 'किमेरा' म्हणतात. ग्रीक पुराणांतील सिंह, बोकड आणि सर्प मिळून झालेल्या प्राण्याचें तें नांव. १९०७ मध्यें हान्स विंक्लर या जर्मन शास्त्रज्ञानें तें वनस्पतींस लाविलें, आणि १९०९ मध्यें अर्विन बाउर यानें पांढऱ्या कांठाच्या जिरेनियमवरून अशा पेशींची थरांची रचना उलगडून दाखविली. आपणांस ग्रीसपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. अर्धनारीश्वराची मूर्ति डोळ्यांपुढें आणावी. देह एक, परंतु त्यांत दोघे.

हे दोघे एकत्र राहतात ते अंकुराच्या टोंकाशीं. जमिनींतील खोडापासून जें पिल्लूं फुटतें, त्याच्या अंकुरांत दोन्ही प्रकारच्या पेशी आपापल्या जागीं असतात. म्हणून त्याला कांठ येतो. पान कापून लाविलें, म्हणजे त्याच्या छेदापाशीं नवा कोंब अगदीं पहिल्यापासून तयार व्हावा लागतो, आणि तो तयार होतो आंतल्या हिरव्या पेशींपासून. कांठाच्या पेशींस त्यांत स्थान मिळत नाहीं. आडवे पट्टे हा सगळ्या जातीचाच स्वभाव असल्यामुळें ते कायम राहतात. कांठ मात्र जातो. ही लावणाऱ्याची चूक नव्हे, मातीची नव्हे, पाण्याचीही नव्हे. जगांतील कोणत्याही कुशल माळ्यानें तें पान लाविलें असतें, तरी हेंच झालें असतें.

माझ्या पत्नीस पेशी ठाऊक नव्हत्या. तिनें कधीं तरी एक पान लावून पाहिलें असेल, आणि जें दिसलें तें लक्षांत ठेविलें असेल. मीं तीस वर्षें तिच्या शेजारीं बसून तें पाहिलें नाहीं. जसें बीज तसें फळ, हें वाक्य मला पाठ होतें आणि पान म्हणजे बीज नव्हे, एवढें साधें माझ्या ध्यानांत आलें नाहीं.

आतां पुण्याची गोष्ट कशी निस्तरावी? आमच्या घरांत वडील माणसानें धाकट्यांची क्षमा मागण्याची रीत नव्हती. मीं माझ्या वडिलांस कोणापुढें चूक कबूल करतांना पाहिलें नाहीं, आणि माझ्या मुलांनींही मला पाहिलें नव्हतें. प्रथम वाटलें, पत्र लिहावें. दोन वेळां लिहिलें आणि फाडलें. दोन्हीं पत्रांत पेशींविषयीं पुष्कळ आणि माझ्याविषयीं थोडें होतें. मग वाटलें, मुलास दूरध्वनि करून सहज बोलण्यांत सांगावें. परंतु अपमान चारचौघांत करावयाचा आणि क्षमा कानांत मागावयाची, हा व्यवहार सरळ नव्हे. तेव्हां मीं थांबलों. जरीकांठीला त्या वेळीं एक पिल्लूं आलें होतें. त्याचीं तीन पानें होईपर्यंत थांबावयाचें ठरविलें. पत्नीची ती अट आतां मोडावयाची नव्हती.

२०२२ च्या फाल्गुनांत तें पिल्लूं मीं स्वतः वेगळें केलें आणि एका लहान कुंडींत लावून, ती मांडीवर घेऊन, एस. टी. नें पुण्यास गेलों. जाण्यापूर्वीं मुलास कळविलें कीं, व्याह्यांसही बोलावून घे. सर्वजण दिवाणखान्यांत बसलीं होतीं. सून चहा घेऊन आली. मीं तिला बसावयास सांगितलें आणि म्हणालों, 'दिवाळींत मीं तुला या दोघांच्या देखत खोटें ठरविलें. खोटी तूं नव्हतीस. मला माहिती नव्हती, आणि मीं विचारलें नाहीं. माझी चूक झाली.' आणखी कांहीं बोलावयाचें ठरवून आलों होतों; तें आठवलें नाहीं.

कोणी कांहीं बोलेना. सून म्हणाली, 'नाना, चहा निवतो आहे.' विहीणबाईंनीं पदर डोळ्यांस लाविला. या झाडास इंग्रज लोक सासूची जीभ म्हणतात खरें. परंतु आमच्या घरांत ती धार सासऱ्याच्या जिभेस होती.

चहा झाल्यावर सुनेनें नवी कुंडी सज्जांत नेली. जुन्या हिरव्या पानांची कुंडी तेथेंच होती. मीं म्हणालों, 'आतां हें खरें आलें. तें काढून टाकलेंस तरी चालेल.' ती म्हणाली, 'तें कां काढायचें? तेंही आईंच्याच पानाचें आहे. पहिल्या वर्षीं याला एकच कोंब होता. मी रोज पाहत असें.' मग तिनें कुंडी फिरवून मागची बाजू मला दाखविली. कुंडीवर तिच्या अक्षरांत, पान लाविल्याची तारीख रंगानें लिहिलेली होती. दिवाळींत ती कुंडी मीं फिरवून पाहिली असती, तर हें सर्व टळलें असतें. आज दोन्ही कुंड्या शेजारीं शेजारीं आहेत, एक कांठाची आणि एक बिनकांठाची, आणि पाहुण्यांस दोहोंची गोष्ट सूनच सांगते. ती सांगतांना माझा भाग थोडा सौम्य करते, असें मुलगा म्हणतो.

तेव्हां, भगिनी, आपल्या प्रश्नांचें उत्तर. आपली चूक कांहीं नाहीं. पानाला कांठ येत नसतो. आपल्या झाडास पिल्लूं फुटेपर्यंत वाट पाहावी. त्याचीं दोन-तीन पानें झालीं, म्हणजे माघ-फाल्गुनांत, अथवा पावसाळा सरून जमीन वाळल्यावर आश्विनांत, कुंडी आडवी करून माती मोकळी करावी. आईपासून पिल्लाकडे गेलेलें जाड, पिवळसर-नारिंगी खोड दिसेल. पिल्लाकडे स्वतःचीं मुळें आहेत असें पाहून, धारदार स्वच्छ चाकूनें तें मधोमध कापावें. दोन्ही छेद एक-दोन दिवस सावलींत वाळूं द्यावे. ओला छेद मातींत गेला तर सडतो. मग कोरडसर मातींत लावावें आणि आठवडाभर पाणी देऊं नये. घाई झाली कीं हात तांब्याकडे जातो, तो आवरावा. पुढें याच झुडपांत एखादें पिल्लूं निव्वळ हिरवें निघालें, तर तें वेगळें करून दुसरीकडे लावावें. हिरव्याला अन्न करण्याची शक्ति अधिक असल्यामुळें तें जोरानें वाढतें आणि कांठाच्या पिल्लांस मागें सारतें. आणि जुनी कुंडी जड लागूं लागली किंवा तिला चीर गेली, तर भिऊं नये. आंतील खोडाच्या जोरानें कुंड्या फुटतात. वांटणीची वेळ आली, एवढाच त्याचा अर्थ.

तें पिल्लूं जाऊबाईंना द्यावें, आणि द्यावयाचें तें सासूबाईंच्या आणि सर्वांच्या समोर द्यावें; पान लाविलें तर कांठ कां येत नाहीं, हेंही तेथेंच सांगावें. हा अंक त्यांच्या हातीं दिला तरी चालेल. बिनकांठाची कुंडी त्यांनीं टाकूं नये. पाणी न मागतां ती पुष्कळ वर्षें उभी राहील, आणि तिच्यावर राग धरण्याजोगें तिनें कांहींच केलेलें नाहीं.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगावा. त्यांची बाराही महिने रंगाची हौस या दोन कुंड्यांनीं अर्धी भागेल. उरलेल्या अर्ध्या हौसेसाठीं थोड्या पाण्यावर फुलणाऱ्या सदाफुलीविषयीं पुढील महिन्यांत लिहीन.